पिक्सेल कुठेही जात नाहीत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलमधला फोटो कमी जागेत कसा मावतो, हा रविवारच्या पुरवणीतला मजकूर वाचला. मुलांसाठी असं काही छापता, याचं कौतुकच आहे. पण ‘संगणक बिनमहत्त्वाचे पिक्सेल काढून टाकतो’ हे त्यातलं वाक्य चूक. ३० वर्षं गणित शिकवलंय, गप्प बसवत नाही.

माझे वडील चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायचे. आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून मोर उतरवायचा, त्यावरून जॅकार्ड मागाच्या (नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या) पुठ्ठ्यांना भोकं पडायची. त्या कागदातले चार चौकोन पुसले, तर पिसाऱ्याला भगदाड पडेल. मोर सोपा होणार नाही.

फोटो कमी जागेत माववण्याच्या जेपेग या पद्धतीत फोटोचे ८ बाय ८ ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलचे, तुकडे पाडतात. मग प्रत्येक तुकड्यात सपाट रंग किती, रुंद पट्टे किती, बारीक पट्टे किती, हे मोजतात. अशा ६४ ठरलेल्या नक्ष्या आहेत, सगळ्या एकमेकींशी काटकोनात. (ठिपक्यांचं नक्ष्यांत असं रूपांतर १९७४ साली मांडणाऱ्या तिघांतले नासिर अहमद जन्मानं बेंगळुरूचे, म्हणजे आपल्या शेजारचेच.) जिचा वाटा नगण्य, तिच्यापुढे शून्य. गळते ती नक्षी.

काटकोन कशाला? शेजारचे दोन ठिपके घ्या, त्यांच्या उजळपणाचे आकडे : १०४ आणि १००. सरासरी १०२, अर्धा फरक २. सरासरीची दिशा (१, १), फरकाची (१, −१). जोडीजोडीनं गुणून बेरीज शून्य, म्हणजे काटकोन. फरक सोडला की दोन्हीकडे १०२. चूक २ आणि −२, वर्गांची बेरीज ८. १०२ ऐवजी १०१ धरा : ३ आणि −१, बेरीज १०. कुठलाही आकडा धरा, ८ च्या खाली जाता येत नाही. बिंदूपासून रेषेवर टाकलेला लंबच सर्वांत आखूड, हे तर आम्ही शाळेतच घोकून घेतो! आणि फरक सोडला म्हणून सरासरीला धक्का लागत नाही. दिशा तिरक्या असत्या तर एक सोडताच दुसरीचा आकडा नव्यानं काढावा लागला असता.

गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी भाच्यानं पाठवलेला नंदीध्वजाचा फोटो मी मोठा करून पाहिला. आकाश नितळ, कारण तिथे सपाट नक्षीवर भागतं. ध्वजाच्या काठाशी मात्र ठोकळे दिसतात. दुरुस्ती छापाल तेव्हा असाच एखादा फोटो मोठा करून शेजारी द्या. ठोकळा आठ ठिपके रुंद, आठ ठिपके उंच. मी मोजलेत.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, सोलापूर