मेजर आजींचं वर्षश्राद्ध नव्हे, आठवणींची बैठक

सभासदहो, आपल्या मेजर आजींना जाऊन रविवारी वर्ष होतंय. संध्याकाळी 5 वाजता रामबागेत त्यांच्या घरी जमू. पाच म्हणजे पाच. उशिरा येणाऱ्याकडे त्या कशा बघायच्या, विसरला नसालच!

1971च्या युद्धात त्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये होत्या. डॉक्टर-नर्स सोडून सैन्यात बायकांना अधिकारी म्हणून घ्यायला 1992 उजाडलं, म्हणजे बघा. स्वतः मात्र त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. नातवंडांची चादर तेवढी मिलिटरी हॉस्पिटलसारखी, कोपरे दुमडून ताणलेली.

हार-गुच्छ नकोत, असं नातीने कळवलंय. भुट्ट्याचा कीस ती करणार आहे. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत सांगा, आणि जुने फोटो आणा.