सोबती गटासाठी सूचना : निराधार अनुदानाच्या घरभेटी

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी संजय गांधी निराधार योजनेतल्या घरांना ठरल्याप्रमाणे भेटी. आपापली घरं तीच राहतील.

यंदा मुख्य काम पासबुकाचं. दरमहाचे पैसे थेट खात्यात येतात, पण आधारला जोडलेल्या खात्यातच. दोन-तीन खाती असली की पैसे भलत्याच खात्यात पडतात आणि आजी म्हणतात, "बंदच झालं गं." तेव्हा आधी बँकेत विचारा कोणतं खातं जोडलंय, मगच तहसीलची पायरी चढा. हयातीचा दाखला दिलाय का, तेही बघा. पासबुकात 20 रुपये वजा दिसले तर बहुधा ते प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे, म्हणजे अपघात विम्याच्या हप्त्याचे. कागद नीट ठेवायला सांगा.

ओटीपी विचारायचा नाही, एटीएम कार्ड आपल्याकडे ठेवायचं नाही, कितीही आग्रह झाला तरी. पैसे कशावर खर्च केले याची उलटतपासणी नको. नातवाला पेढे आणले असतील तर आणले! भिशी किंवा सावकाराचं देणं त्यांनी स्वतःहून काढलं तरच बोला, आणि ते गटावर टाकू नका.

फोटो काढायचे नाहीत. ज्यांना जमणार नाही त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा, म्हणजे बदली बघता येईल.