चंपीच्या खाण्याबद्दल

उट्रेख्त, २ नोव्हेंबर

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

चंपी गाभण आहे म्हणून तू आतापासूनच तिला दुप्पट दूध-भाकरी घालतेस, ते आधी थांबव. कुत्रीचे दिवस साधारण ६३. पहिल्या चाळीस दिवसांत पिल्लांना वजन असं नसतंच, खरी वाढ शेवटच्या तीन आठवड्यांत. आत्ता घातलेलं जास्तीचं तिच्याच अंगावर चढतं, आणि फार चरबी चढलेली कुत्री विताना अडू शकते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन-चार दिवस ताटलीकडे पाठ फिरवली तर घाबरू नकोस.

चंपी १६ किलोची. एरवी तिला दिवसाला हजारेक कॅलरी पुरतात. शेवटच्या तीन आठवड्यांत साडेचौदाशे लागतील, पण तेव्हा पिल्लांनी पोट व्यापलेलं असतं, एका वेळी फार मावत नाही. म्हणून चार वेळा थोडं थोडं दे.

खरी ओढ व्याल्यावर. पाच पिल्लं धर: पहिल्या आठवड्यात रोज २,४००, तिसऱ्यात ३,००० आणि चौथ्यात ३,२०० कॅलरी, म्हणजे नेहमीच्या तिप्पट! आपल्या एका ज्वारीच्या भाकरीत सव्वादोनशेच्या आसपास असतात. नुसत्या भाकरीवर भागवायचं तर रोज चौदा भाकऱ्या लागतील. तेवढ्या तिच्या पोटात जाणारच नाहीत. पोट भरतं, ताकद मिळत नाही, मग ती आपलं अंग झिजवून दूध करते. गाईच्या दुधापेक्षा कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं दुपटीच्या आसपास असतात, ती कुठून तरी यायलाच हवीत. गल्लीतल्या व्यालेल्या कुत्र्यांच्या फासळ्या मोजता येतात त्या यामुळेच.

म्हणून पिल्लांसाठी मिळतं ते कोरडं खाद्य आण. १०० ग्रॅममध्ये ३५० ते ४०० कॅलरी असतात. गाभणपणाच्या सहाव्या आठवड्यापासून जुन्या खाण्यात थोडं थोडं मिसळत आठवडाभरात पूर्ण बदल, एकदम बदललंस तर हगवण लागेल. व्याल्यावर तिसऱ्या आठवड्यात रोज ६०० ग्रॅम हे खाद्य, २ उकडलेली अंडी, पाव किलो कातडीसकट उकडलेलं चिकन (शिजलेली हाडं काढून) आणि वाटीभर भात, एवढ्यात हिशोब जुळतो. भात-भाकरी पूर्ण तोडू नकोस. गर्भातली पिल्लं साखरेवरच वाढतात, आणि शेवटी-शेवटी नुसत्या मटणावर ठेवलेल्या कुत्रीची रक्तातली साखर उतरू शकते. पाण्याचं भांडं कायम तिच्या तोंडाशी हवं, पाणी कमी तर दूध कमी.

बाळंतिणीचे डिंकाचे लाडू मात्र तिला नकोत. त्यातल्या मनुकांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

आणि आई, कॅल्शियमची बाटली व्यायच्या आधी अजिबात उघडू नकोस. बाहेरून आयतं मिळालं की हाडांतलं कॅल्शियम काढायची शरीराची सवय मोडते. मग दूध उतरल्यावर मागणी एकदम वाढते आणि रक्तातलं कॅल्शियम कोसळतं, बहुतेक वेळा व्याल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. आधी ती धापा टाकते, अस्वस्थ फिरते, पाय ताठ टाकते, मग अंग थरथरतं आणि झटके येतात. थरथर दिसली की सकाळची वाट बघू नकोस, रात्रीच डॉक्टरांकडे ने. शिरेतून कॅल्शियम सावकाश द्यावं लागतं, ते घरी जमणारं काम नाही. पिल्लं तेव्हा तिच्यापासून बाजूला ठेवून बाटलीवर पाजायची.

थंडी सुरू होतेय. पिल्लांना पहिला आठवडाभर कुडकुडताही येत नाही, आणि गार पडलेलं पिल्लू दूध ओढत नाही. खोक्यात गोधडी घाल, एका कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेव, दुसरा कोपरा मोकळा सोड.

रोज सकाळी एकेक पिल्लू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन वहीत लिही. आठ-दहा दिवसांत ते दुप्पट व्हायला हवं. पहिला दिवस सोडून एखाद्याचं घटलं, तर लगेच मला फोन कर, रात्र असली तरी.

तुझी,
सुमा