रांगेचा फोटो उशिरा का येतो

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. युद्ध चालू असताना पावाच्या रांगेचे फोटो कशाला, आणि काढलेले फोटो लगेच का पाठवत नाहीस? फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहितेय.

गृहयुद्धात बहुतेकांचा दिवस पाणी, सरपण आणि पाव मिळवण्यातच जातो. बोस्नियाची राजधानी साराजेव्हो, तिला एप्रिल १९९२ पासून फेब्रुवारी १९९६ पर्यंत वेढा होता. नळ कोरडे, म्हणून लोक कॅन घेऊन बिअरच्या कारखान्यातल्या झऱ्यावर जायचे. बागेतली झाडं तोडून चुली पेटवायचे, फुटलेल्या तावदानांवर मदत म्हणून आलेलं प्लास्टिक ठोकायचे. बंदूकवाल्याचा फोटो कुठल्याही युद्धातला म्हणून खपतो. त्या शहराचे हाल कळतात ते कॅन उचलणाऱ्या बाईच्या बोटांवरच्या वळांतून.

आता उशिराचं. २०१२ मध्ये सीरियात अलेप्पो भागात पावाच्या रांगांवर मारा झाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात हल्फाया गावात बेकरीसमोर. रांग म्हणजे शेकडो माणसं, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी. फोटोतून जागा आणि वेळ कळली की रांगेतली माणसं आपणच उघडी पाडली.

आणि जागा-वेळ कळते फार सहज. पंचवटीतल्या चहाच्या टपरीचा फोटो घ्या, मागे काळारामाचं शिखर दिसतंय. गल्ली कुठली हे तुम्ही बघताक्षणी सांगाल, आणि सावलीवरून सकाळ की दुपार तेही. अलेप्पोचा माणूस मिनार बघून तेच सांगतो. म्हणून रांगेचा फोटो गुडघ्यावर बसून काढत नाहीत, मागे आकाशरेषा येते. दोन पायऱ्या चढून, ३५ मिलिमीटरच्या लेन्सने, खाली बघत काढायचा: मागे फक्त रस्ता आणि चपला. दुकानाची पाटी, शटरवरचा फोन नंबर, गाडीची नंबरप्लेट चौकटीबाहेर. मोबाइलच्या कॅमेऱ्यात लोकेशन आधीच बंद. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर फोटोतली जागेची नोंद गळते, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच्या तशी पोचते. एवढं करूनही रांगेची जागा बदलेपर्यंत फोटो दाबून ठेवतात. बातमी शिळी होते, होऊ दे.

नावांचंही तसंच. नुसत्या आडनावावरून माणूस कुठल्या बाजूचा ते ठरवलं जातं, आणि नाक्यावर कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून घेतात. म्हणून कॅमेऱ्यात नाव नसतं. फोटोच्या क्रमांकापुढे वहीत फक्त खूण, खरी नावं दुसऱ्याच ठिकाणी. चेहरा दाखवायचा का, हे त्या माणसाला विचारायचं, आणि फोटो कुठे छापला जाईल तेही आधी सांगायचं. नुसती मान हलली म्हणजे होकार मिळाला, असं मी धरत नाही. भ्यालेला माणूसही मान हलवतो.

घरातले फोटो सगळ्यात अवघड. वीज नसते, एक मेणबत्ती असते. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता, ३२०० ते ६४००; अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उघडं तोंड, २ च्या आसपास; शटर १/६० सेकंदापेक्षा संथ नको, नाहीतर बोलणाऱ्याचे हात पुसट येतात. फ्लॅश कधीच नाही. बाहेरून खिडकीतला लखलखाट गोळीबारासारखा दिसतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ऑटोवर ठेवला तर कॅमेरा मेणबत्तीचा पिवळेपणा काढू बघतो आणि चेहरे राखाडी पडतात. तो २५०० केल्व्हिनजवळ हाताने लावायचा. लांब लेन्स तर गल्लीत नकोच; लांबून ती खांद्यावरच्या हत्यारासारखी वाटते.

आई, काळजी करू नकोस असं म्हणणार नाही, तू करणारच. चिलखत, हेल्मेट आणि रक्त थांबवायचा पट्टा सामानात पहिला जातो, कॅमेरा नंतर.

एक काम आहे, दोघांनी मिळून करा. १९९१ च्या सिंहस्थातले रामकुंडावरचे फोटो कपाटात आहेत, त्यांच्यामागे काही लिहिलेलं नाही. कोण, कुठे, कधी, एवढं लिहा. बॉलपेन वापरू नका, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. मऊ पेन्सिल घ्या, फोटो टणक पाटीवर पालथा ठेवा आणि कडेला हलक्या हाताने लिहा. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नसेल तर चिठ्ठी लिहून फोटोसोबत पाकिटात ठेवा. शेजारच्या काकूंच्या कडेवरचं बाळ कोण, हे आता तुम्हा दोघांनाच माहीत आहे.

तुमची,
ताई