इंग्रजांनाही आई-बाप असतात

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत परदेशी गेलेल्या मुलांवर वाचकांची पत्रं होती, त्यातलं ऑस्ट्रेलियात मुलाकडे राहून आलेल्या एका काकांचं पत्र वाचून हे लिहायला बसलेय. काकांचं म्हणणं थोडक्यात असं की तिथले इंग्रज बघा, बायकापोरं घेऊन येतात, बंगला घेतात, समुद्रावर लोळतात, मागे राहिलेल्या आई-वडिलांचं त्यांना काही पडलेलं नसतं, शिवाय भाषा तीच, रंग तोच, राजासुद्धा तोच, मग रुळायला त्यांना काय लागतं! काकांचा राग नाहीये मला, दोन-तीन महिने सुनेच्या किचनमधून आणि मुलाच्या गाडीच्या काचेतून जेवढं दिसतं तेवढं त्यांनी लिहिलंय. पण मी पर्थच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहते, वृद्धांच्या निवासात नर्स आहे, आमच्या गल्लीत निम्मी घरं ब्रिटिशांची आणि कामावर ज्यांना सकाळच्या गोळ्या देते ते बरेचसे आजी-आजोबा पण इंग्लंड-स्कॉटलंडहूनच आलेले. त्यामुळे थोडं अधिकारानं सांगू शकते की काकांनी उलटं लिहिलंय.

आधी जुनी गोष्ट, कारण ती आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसते. दुसरं महायुद्ध संपल्यावर ऑस्ट्रेलियाला माणसं हवी होती, आर्थर कॅलवेल हे त्यांचे पहिले इमिग्रेशन मंत्री, त्यांनी ब्रिटनशी करार करून स्कीमच काढली, मोठ्या माणसाला १० पौंड भाडं आणि पोरं फुकट. बोटीचं खरं भाडं होतं १२० पौंडांच्या आसपास. अट एवढीच की दोन वर्षं राहायचं, त्याआधी परत जायचं असेल तर वाचवलेलं भाडं भरा आणि जायचं तिकीटही स्वतः काढा. १९४५ ते १९७२ या काळात दहा लाखांहून जास्त ब्रिटिश असे आले. 'टेन पाउंड पॉम' म्हणतात त्यांना, पॉम म्हणजे इंग्रजाला चिडवायचं इथलं नाव.

आता काका ऐका, त्यातले साधारण पाव लोक परत गेले! भाषा तीच, रंग तोच, सरकारनं पैसे देऊन आणलेलं, तरी चारातला एक परत. आणि परत गेलेल्यांपैकी निम्मे पुन्हा ऑस्ट्रेलियात आले, कारण तिथं गेल्यावर कळलं की मनातलं इंग्लंड आता तिथं नाहीये, म्हणून त्यांना बूमरँग पॉम म्हणायचे. इतिहासकारांनी नंतर या लोकांच्या मुलाखती घेतल्या त्यात परत जायचं कारण म्हणून पगार, माश्या, ऊन हे येतंच, पण सारखं सारखं येतं ते घरची आठवण, आईचं आजारपण, पहिलं बाळंतपण आणि जवळ कुणी नाही. मला हे वाचायची गरजच पडली नाही म्हणा, कामावर रोज ऐकते. नव्वदीच्या पुढच्या आजी अजून सांगतात की आई गेल्याची तार आली तेव्हा ती जाऊन आठवडा झाला होता, बोटीनं जायचं तर महिना लागायचा, आणि नवरा म्हणाला तिकिटाच्या पैशात फ्रिज येईल. फ्रिज आला. आजी फ्रिजबद्दल अजून चिडून बोलतात.

तेव्हाचं उपनगर म्हणजे तरी काय, पोस्टरवर ऊन आणि बंगला, आणि बोटीवरून उतरल्यावर हॉस्टेल! इथं पर्थला ग्रेलँड्स, पॉइंट वॉल्टर अशा ठिकाणी ठेवायचे, बऱ्याच शहरांत तर सैन्याचे अर्धगोल पत्र्याचे निसेन हट, उन्हाळ्यात आत भाजून निघायचं आणि कँटीनमध्ये रोज मटण, तेही म्हाताऱ्या मेंढीचं. अॅडलेडजवळ १९५५ मध्ये एलिझाबेथ नावाचं अख्खं गावच वसवलं, राणीचं नाव दिलं, होल्डन गाड्यांचा कारखाना उभा राहिला, ब्रिटिश कामगार कुटुंबं भरली. गडी कारखान्यात आणि बाई नव्या घरात एकटी, झाड नाही, बस तासाला एक, चालत जाण्यासारखं दुकान नाही. मँचेस्टरच्या गल्लीत कोळशाचा धूर असेल पण दाराबाहेर स्टूल टाकलं की चार बायका जमायच्या, आणि इथं दहा गुंठ्यांच्या प्लॉटवर मधोमध घर, चारी बाजूंनी कुंपण, बोलायचं कुणाशी? त्यांनी तक्रार केली की लोक म्हणायचे हे रडके इंग्रज. (होल्डनचा तो कारखाना २०१७ मध्ये बंद झाला, ते गाव आज अॅडलेडच्या गरीब भागांत मोजतात.)

आत्ताचे इंग्रज शेजारी तसे नाहीत, ते विमानानं येतात, नोकरी ठरवून येतात. २०२३ च्या सुरुवातीला तर आमच्या राज्याचे मंत्री ब्रिटन-आयर्लंडला जाऊन पोलीस, नर्स, शिक्षक, बांधकामवाले गोळा करत होते. पण हिशेब तोच चालू असतो, संध्याकाळी बार्बेक्यूभोवती दुसरा विषयच नाही, राहायचं का परत जायचं. एका बाजूला काय तर ऊन, पोरं अनवाणी खेळतात, समुद्र दहा मिनिटांवर, दुपारी समुद्राकडून वारा सुटतो त्याला इथं फ्रीमँटल डॉक्टर म्हणतात (फ्रीमँटल हे पर्थचं बंदर), तो आला की चाळीस डिग्रीतला माणूसही जिवंत होतो. प्लंबर आणि डॉक्टर एकाच गल्लीत राहतात, आणि तोंड उघडल्याबरोबर तुम्ही कुठल्या थरातले हे समोरच्याला कळत नाही, इंग्लंडात म्हणे पहिल्या वाक्याला कळतं. ही गोष्ट मला पहिल्यांदा खरी वाटली नव्हती, पण लिव्हरपूलकडच्या एका सहकारी नर्सनं सांगितलं की तिकडे मुलाखतीला जाताना आवाज बदलायचा सराव करायची ती! आपल्याला हे नवीन नाही, पुण्यात नोकरीला आलेल्या सांगलीकडच्या पोरींना विचारा.

दुसऱ्या बाजूला, शहर दीडशे किलोमीटर किनाऱ्याला ताणलेलं, गाडीशिवाय दूधही आणता येत नाही. दहा गुंठे गेले कधीच, आता नवीन प्लॉट चार गुंठ्यांचे त्याहून लहान, छपराला छप्पर लागलेलं, मागे दोरीवर कपडे वाळत घालायचे तर चादर दुमडून. रविवारी मोठी दुकानं अकरा ते पाच. घरं थंडीत आतून इतकी गार की यॉर्कशायरची माणसं दुलई घेऊन टीव्ही बघतात आणि म्हणतात एवढी थंडी आम्ही इंग्लंडात घरात कधी सोसली नाही, तिकडे सेंट्रल हीटिंग असतं ना. नवरा खाणीवर, पिलबारात, म्हणजे राज्याच्या उत्तरेकडच्या लांबच्या खाणपट्ट्यात, दोन आठवडे तिकडे एक आठवडा घरी, बायको पोरांना शाळेत सोडते आणि मग दिवसभर घर खायला उठतं. म्हणजे १९५५ ची एलिझाबेथमधली बाई आणि आजची पर्थच्या बटलर किंवा क्लार्कसन उपनगरातली बाई यांच्यात फरक असलाच तर व्हिडिओ कॉलचा, आणि तो पण आई उठलेली असेल तेव्हा, पर्थ आणि लंडनमध्ये सात-आठ तासांचं अंतर आहे.

आता जरा नाजूक विषय. हे लोक स्वतःला मायग्रंट समजतच नाहीत, आणि इथले ऑस्ट्रेलियनही त्यांना समजत नाहीत. २०२१ च्या जनगणनेत परदेशात जन्मलेल्यांत पहिला नंबर इंग्लंडचा, नऊ लाखांहून जास्त, दुसरा आपल्या भारताचा, पावणेसात लाखांच्या जवळ. पण बातम्यांत मायग्रंट म्हटलं की फोटो कुणाचा लागतो ते सांगायला नको. ज्युलिया गिलार्ड वेल्समध्ये जन्मलेल्या, लहानपणी छातीचं दुखणं होतं म्हणून आई-वडील १९६६ मध्ये उबदार हवेत घेऊन आले, टोनी अॅबट लंडनमध्ये जन्मलेले, दोघंही पंतप्रधान झाले, दोघांना कुणी विचारलं नाही की तुम्ही मूळचे कुठले हो. आमच्या निवासात एक आजोबा आहेत त्यांनी नागरिकत्व कधी घेतलंच नाही, तरी मत देतात, कारण २६ जानेवारी १९८४ च्या आधी जे ब्रिटिश मतदार यादीत होते त्यांचा हक्क तसाच राहिला. मला मत द्यायला नागरिकत्वाची परीक्षा, शपथ, झाड भेट मिळालं ते कुंडीत लावणं, सगळं करावं लागलं.

आणि तो १० पौंडांचा पाहुणचार रंग बघूनच होता हे विसरू नये. आशियातल्या माणसाला दार बंद, १९०१ पासून. ऑगस्ट १९४७ मध्ये, म्हणजे आपल्याकडे झेंडावंदनाची तयारी चालू होती तेव्हा, मुंबईहून मनूरा नावाचं जहाज शेकडो अँग्लो-इंडियन लोकांना घेऊन फ्रीमँटलला आलं, तर इथले अधिकारी हबकले की हे तर पुरेसे गोरे नाहीत! रंगाची अट पूर्णपणे गेली ती १९७३ मध्ये, व्हिटलम सरकारनं काढली.

त्यामुळे ऑगस्ट २०२५ मध्ये इमिग्रेशनविरोधी मोर्चे निघाले आणि त्यांच्या पत्रकात भारतीयांचं नाव घेऊन लिहिलं होतं तेव्हा आमच्या गल्लीतल्या गप्पा ऐकण्यासारख्या होत्या. चार वर्षांपूर्वी एसेक्सहून आलेला माणूस हातात बिअर घेऊन मला सांगतो की फार लोक येतायत, इंग्लंडची वाट लागली तशी इथं नको लागायला, आणि मग माझ्याकडे बघून, अर्थात तुम्ही नाही, तुम्ही लोक काम करता. मी त्याला म्हटलं मी तुझ्या आधी आलेय. तो हसला, वाईट माणूस नाहीये तो, माझ्या नवऱ्याची गाडी बंद पडली तेव्हा तोच रात्री धावत आला होता, पण स्वतः पण आलेलाच आहे हे त्याच्या डोक्यात शिरतच नाही. याच्या उलट अनुभवही आहे, आमच्याकडे ज्या तरुण ब्रिटिश नर्स येतात त्यांना इथल्या आदिवासींबद्दल लोक चहाच्या सुट्टीत जे सहज बोलून जातात ते ऐकून धक्का बसतो, त्यातली एक तर २०२३ मध्ये आदिवासींच्या प्रतिनिधित्वाचं सार्वमत ६० टक्के नकारानं पडलं त्या आठवड्यात परत जायच्या गोष्टी करत होती. आपले लोक अशा वेळी गप्प बसतात हे मी बघितलंय, मीही बसते. आपल्यातल्या बऱ्याच जणांना पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, टिकवायचा असतो, त्यांना कधीही विमान पकडून जाता येतं, म्हणून त्यांना परवडतं असं मी मनाला सांगते.

पण मूळ मुद्दा आई-बापांचा. आमच्या गल्लीतली दोन घरं गेल्या काही वर्षांत परत गेली, दोन्ही वेळा घर, पगार, शाळा सगळं जमलेलं होतं, एकाच्या वडिलांना डिमेन्शिया झाला, दुसरीची आई पडली आणि एकटी. आई-वडिलांनाच इकडे आणा म्हणाल तर व्हिसाची रांग बघा. साधा पॅरेंट व्हिसा तीस वर्षांच्या घरात, म्हणजे सत्तरीच्या माणसानं शंभरीला यायचं. पैसे भरून मिळतो त्याला माणशी पन्नास हजार डॉलरच्या आसपास, तोही दहा वर्षांहून जास्त. त्यात अट की निम्मी मुलं तरी ऑस्ट्रेलियात असायला हवीत, नाहीतर दुसऱ्या कुठल्याही एका देशापेक्षा इथं जास्त, तीन भावंडांतला एकटाच इथं असेल तर अर्जच नाही. आणि ब्रिटिश पेन्शनर इथं राहायला आला की त्याचं सरकारी पेन्शन तिथंच गोठतं, अमेरिकेत गेलेल्याचं दरवर्षी वाढतं, ऑस्ट्रेलियात आलेल्याचं नाही. या रांगेत मात्र साहेब आणि आपण खरोखर बरोबरीनं उभे आहोत, गोऱ्या कातडीला एक नंबरही पुढे मिळत नाही.

मराठी मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या आमच्या लोकांनाही हे पटत नाही, त्यांनाही वाटतं आई-वडिलांसाठी तुटणं हे फक्त आपल्यालाच, आणि म्हणून शेजारच्या इंग्रज बाईला आई गेल्यावर कुणी डबा घेऊन जात नाही. मी गेले होते वरणभात घेऊन, तिनं दारातच रडायला सुरुवात केली, आणि मग बाकी रीतीप्रमाणे डबा धुऊन, आत चॉकलेट घालून परत केला.

तुमच्या पुरवणीत ऑस्ट्रेलियावर पुन्हा काही छापणार असाल तर बंगल्याचे आणि समुद्राचे फोटो पुष्कळ झाले, पॅरेंट व्हिसाच्या अटी, फी आणि सध्याची रांग यांचा एक चौकट लेख एखाद्या जाणकार एजंटाकडून लिहून घ्या. मुलगा पासपोर्ट काढायच्या आधी आई-वडिलांनी तो वाचलेला बरा. काकांनाही एक प्रत पाठवा, त्यांना दुसरा मुलगा पुण्यातच आहे असं त्यांनी लिहिलंय, म्हणजे निम्म्याच्या अटीत ते बसतात.

आपली नम्र,
एक वाचक, पर्थ (मूळ सांगली)