अंदाज कुठे मिळतो?

पंचवटी, नाशिक
डिसेंबरचा दुसरा आठवडा

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी गल्ल्यावर होतो, फोनचा स्पीकर चालू होता आणि समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यामुळे बंगळुरात सहा शिट्ट्या होऊनही डाळ शिजली नाही, ही बातमी आपल्या गल्लीत सगळ्यांना कळली आहे. तुझी आई तिच्या रीतीने सांगत होती. डाळ मूठभर, पाणी बेताचं, मीठ अंदाजाने. तू वैतागून म्हणालीस, "अगं, पण अंदाज कुठे मिळतो? नानांच्या दुकानात असेल तर पाव किलो पाठवा." गिऱ्हाइकं हसली, मीही हसलो. रात्री शटर ओढताना मात्र वाटलं, पोरगी चुकीचं काय बोलली? ३२ वर्षं मी हेच जिन्नस विकतोय. तुला मात्र कधी काउंटरच्या आत बोलावून एखादं पोतं उघडून दाखवलं नाही. खाली आलीस की अभ्यासाला वर पिटाळत राहिलो.

म्हणून पत्र. फोनवर तुझी आई मला बोलू देणार नाही.

आधी ती डाळ. चिंच तू डाळीबरोबरच कुकरात घातली असणार, बहुतेक टोमॅटोसुद्धा. आंबट पडलं की दाणा घट्ट राहतो, मग दहा शिट्ट्या कर. त्यात तुमच्या सोसायटीत टँकरचं पाणी. बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो असं तूच म्हणाली होतीस. त्या क्षारातलं कॅल्शियम डाळीचा दाणा बांधून ठेवणाऱ्या पेक्टिनला आणखी आवळतं. आपल्या नळाला गंगापूर धरणाचं पाणी, म्हणून तुझ्या आईला हा प्रश्न कधी पडलाच नाही. आणि नवी तूर यायला अजून वेळ आहे. आत्ता दुकानात असते ती गेल्या हंगामाची डाळ, ती तशीही रडतरडतच शिजते.

तर एक वाटी तूरडाळ दोन-तीन पाण्यांनी धू आणि फिल्टरच्या पाण्यात अर्धा तास भिजव. मग फिल्टरच्याच पाण्याच्या तीन वाट्या, थोडी हळद, हिंग, अर्धा चमचा तेल. तेलाने फेस दबतो, शिट्टीतून पिवळं पाणी उडत नाही. चार शिट्ट्या, आणि कुकर आपला आपण उतरू दे. रवीने घोटून झाली की मग चिंचेचा कोळ, गूळ, मीठ, काळा मसाला. फोडणीत मोहरी पूर्ण तडतडेपर्यंत दुसरं काही टाकू नकोस. तिच्या पोटातल्या ओलाव्याची वाफ होते आणि साल फुटतं, तो तो आवाज. न फुटलेली मोहरी दाताखाली कडू लागते. हळद शेवटी, गॅस बंद करून.

आता हिंग. तू फोटो पाठवलास त्या डबीची मागची बाजू वाच. पाकिटावर जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, हा नियमच आहे. तिथे गव्हाचं पीठ आणि डिंक आधी दिसतील, हिंग मागे. यात फसवणूक नाही. खरा हिंग म्हणजे अफगाणिस्तान-इराणकडच्या एका झाडाच्या मुळाला चीर देऊन काढलेला चीक, तो इतका उग्र असतो की पीठ-डिंकात बांधल्याशिवाय सहज वापरता येत नाही. त्यालाच बांधानी हिंग म्हणतात. फक्त कोणी किती बांधलाय ते बघायचं. ही मागची बाजू वाचायची सवय मसाल्यांनाही लाव. पुढच्या बाजूला नुसती चित्रं असतात.

सोमवारी मी एक उद्योग केला. दुपारी दुकानात वर्दळ नसते, तेव्हा तुझ्या आईला खाली बोलावलं आणि म्हटलं, मूठभर तांदूळ टाक काट्यावर. तिने टाकले, ४१ ग्रॅम. परत टाकायला लावले. ४३. परत, ४२. मग मीठ, एक वाटी डाळीच्या आमटीला लागेल तेवढं, बोटांनी. ९, ८, ९. तिने काट्याकडे बघितलंसुद्धा नाही. "झालं तुमचं? वर दूध ठेवलंय," म्हणाली आणि जिना चढून गेली. मी तिथेच बसून राहिलो. माझ्या काट्यावर दर वर्षी तपासणीचा शिक्का लागतो, तिच्या हाताला कोणी तपासलेलं नाही. तिने तो अंदाज कधी मोजला नव्हता, आणि मी मोजायच्याच धंद्यात असून कधी विचारला नव्हता.

कांद्याचं मात्र काट्यावर भागत नाही. "दोन कांदे घे" असं आई सांगते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे उन्हाळ कांदा असतो. जानेवारीच्या आसपास लावलेला, एप्रिल-मेमध्ये काढलेला, चाळीत साठवून पाच-सहा महिने टिकणारा. सध्या त्याला कोंब फुटताहेत आणि लासलगावच्या बाजारात लाल कांदा येतोय. लाल कांद्याच्या अंगात पाणी जास्त, तो टिकत नाही. कढईत टाकलास की आधी पाणी सोडतो आणि परतायच्या ऐवजी शिजत बसतो. तुझा रस्सा गोडसर आणि पांचट झाला होता ना, ते त्यामुळेच. असा कांदा असेल तर चिरूच नकोस. सालासकट गॅसच्या आचेवर ठेव, वरून काळा होऊ दे, दाबल्यावर मऊ लागला की साल काढ. सुक्या खोबऱ्याची वाटी तशीच भाजून घे. लसूण आणि आल्याच्या तुकड्याबरोबर पाणी न घालता वाट, आणि तेल सुटेपर्यंत परत. परतताना मसाल्याचा वास आधी नाकाला झोंबतो, मग एकदम गोल होतो. तिथे पाणी घालायचं, आणि तेही उकळतं. गार पाणी घातलं की तर्री वर येत नाही.

त्यात मोड आलेली मटकी. रात्रभर भिजवायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधायची. इकडे आत्ता थंडी आहे, मोडांना दोन दिवस लागतात. तुमच्याकडे एका दिवसात येतील. मोड दाण्याहून लांब झाले की मटकी तुरट लागते, तेवढी वाट बघू नकोस. नाशिकची मिसळ म्हणून मित्रमंडळींना खिलवणार असशील तर सोबत पापड हवा, आणि रस्सा मागतील तितका. एवढं पथ्य पाळ, बाकी तुझी मर्जी.

बाजरीच्या पिठाबद्दल माझीच फजिती सांगतो. तू दुसरीत होतीस, आई पंधरा दिवस माहेरी सिन्नरला गेली होती. मी डब्यात सापडलेल्या पिठाची भाकरी थापायला बसलो. परातीतून उचलली की दोन तुकडे, तव्यावर गेली की चार. जी कशीबशी भाजली ती कडूजहर. तू मुकाट्याने दूध-पाव खाल्लास. पीठ दीड महिन्याचं होतं. बाजरीत तेलाचा अंश बराच, त्यामुळे दळलेलं पीठ लवकर खवट होतं. आणि पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते. गव्हासारखा चिवटपणा बाजरीत नसतो, म्हणून पीठ ताजं आणि पाणी कढत, मग हाताच्या टाचेने रगडून मळायचं. थोडंथोडंच दळून आण. तिथे गिरणी सापडत नसेल तर भाकरीचा नाद सोड, भात टाक.

भात म्हणशील तर घोटीकडचा इंद्रायणी पाठवतोय, याच हंगामातला. आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात ही जात तयार झाली. आंबेमोहराचा वास तिने उचलला. हा चिकटच होणार, मोकळ्या पुलावाची अपेक्षा ठेवू नकोस. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, वाटीला पावणेदोन पुरे.

भगरही आहे अर्धा किलो. तुझी मैत्रीण तिला उपवासाचा तांदूळ म्हणाली, पण तांदळाशी तिचा संबंध नाही. ते भरडधान्य आहे, सुरगाणा-पेठच्या डोंगरउतारावर पिकतं. कोरडीच भाज, जरा फुलल्यासारखी दिसली की एकाला तीन उकळतं पाणी, झाकण, मंद आच. वर दाण्याची आमटी. परीक्षेच्या दिवसांत आई आल्याचा तुकडा आणि तूप घालून द्यायची, आठवत असेल.

पार्सलमध्ये काळा मसाला आईने दिलाय, कांडपावरून परवाच आणला. दगडफूल वेगळ्या पुडीत आहे, ते चाळणीत झटकून घे, त्यात माती असते. त्याला फूल म्हणतात खरं, पण ती बुरशी आणि शैवाल एकत्र राहून दगडावर, झाडाच्या सालीवर धरलेली पापुद्र्यासारखी गोष्ट. कोरडी हुंगलीस तर काहीच वाटणार नाही. गरम तेलात टाक, मग सांग मला.

तांदळाच्या पिशवीत खाली हात घाल. कागदात गुंडाळलेली एक स्टीलची वाटी सापडेल, कडेला चेपलेली. वर जिथे जिथे वाटी लिहिलंय, ती हीच. काठोकाठ डाळ भरली की १६० ग्रॅम भरते. आईला बोलू नकोस, ती कालपासून शोधतेय.

तुझे,
नाना