रक्ताचे नमुने नीट घेता यावेत म्हणून मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

मंडळाच्या मोफत रक्ततपासणी केंद्राला यंत्रे देणारे दाते मिळाले, त्यांचे ऋण मोठे आहे. आजचे मागणे त्याच्या मानाने किरकोळ वाटेल: नळ्या, सुया, एक खुर्ची आणि शिकवणारी जाणती माणसे. पण सध्या आमचे अडते ते इथेच.

मध्यंतरी एका आजींच्या रिपोर्टात पोटॅशियम खूप वाढलेले आले. घरच्यांनी ती रात्र जागून काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घेतले, तर पोटॅशियम अगदी ठीक. आदल्या दिवशी शीर सापडत नव्हती, म्हणून दंडाचा पट्टा बराच वेळ आवळलेला राहिला, मूठ सारखी उघडमीट करायला लावली, आणि सिरिंजमधले रक्त सुईतूनच जोराने नळीत सोडले. तांबड्या पेशी फुटल्या, त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर आले. यंत्राने समोर आले ते बरोबर मोजले. चूक आमच्या केंद्राची होती, आणि आजींची आम्ही माफी मागितली आहे.

पट्टा मिनिटाच्या आत सुटला पाहिजे. स्पिरिट वाळल्याशिवाय सुई टोचायची नाही. सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त घ्यायचे नाही. नळ्यांनाही क्रम आहे: आधी फिकट निळ्या बुचाची, मग लाल, मग जांभळी, शेवटी करडी. जांभळ्या नळीतल्या ईडीटीएमध्ये (रक्त गोठू न देणारे रसायन) पोटॅशियम असते; ते जरासे जरी लाल नळीत गेले, तर पोटॅशियम वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते. निळ्या नळीत सायट्रेट असते, तेही रक्त गोठू न देणारे; त्याच्या १ भागाला ९ भाग रक्त लागते. ती अर्धवट भरली, तर रक्त गोठण्याची तपासणी फसते. साखरेचे रक्त साध्या नळीत पडून राहिले, तर पेशी त्यातली साखर वापरत राहतात. तासाला साधारण ५ ते ७ टक्के. आणि नळीवर नाव लिहायचे ते रक्त घेतल्यावर, तिथेच, रुग्णाच्या तोंडून नाव आणि जन्मतारीख ऐकून. अदलाबदल झाली तर ती यंत्राला कळत नाही.

म्हणून हव्या आहेत: चारही रंगांच्या निर्वात नळ्या, त्यांच्या सुया आणि होल्डर, वापरलेल्या सुया टाकायचे जाड डबे, नमुने नेण्याची पेटी आणि दोन्ही बाजूंना हात टेकता येतील अशी खुर्ची. रक्त घेताना चक्कर येणाऱ्यांची संख्या कमी नसते, स्टुलावरून माणूस पडतो. मुदत संपत आलेल्या नळ्या मात्र कृपया देऊ नयेत. त्यांतला निर्वात कमी होतो आणि रक्त पुरेसे भरत नाही.

सर्वांत जास्त गरज शिकवणाऱ्यांची आहे. निवृत्त परिचारिका, लॅब टेक्निशियन, कुणीही अनुभवी. आठवड्यातून दोन तास आमच्या नव्या मुलामुलींच्या शेजारी उभे राहा. शीर बोटाने चाचपून कशी ओळखायची, हे पुस्तकातून येत नाही.

वस्तू किंवा रक्कम सकाळी केंद्रात समक्ष द्यावी, पावती आवर्जून घ्यावी. शिकवायला येणाऱ्यांनी आपला सोयीचा वार तेवढा कळवावा, मुले त्या दिवशी थांबतील.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते